साठ वाचक आणि केसरमावशी

आमच्या थळच्या वाचनालयाला पन्नास वर्षं होणार होती, म्हणून वाचन-मॅरेथॉन करायची कल्पना मी काढली. एकच जाड कादंबरी घ्यायची आणि ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गावातल्या लोकांनी पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायची. पानं सहाशे, वाचक साठ, प्रत्येकाला दहा पानं, म्हणजे साधारण अर्धा तास. जानेवारीतल्या एका आठवड्याचे शुक्रवार, शनिवार, रविवार ठरले. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, मधे जेवायला एक तास. नावनोंदणीची वही ठेवली आणि चार दिवसांत ती भरली. वाडीतली माणसं आली, कोळीवाड्यातली आली, बँकेतली आश्लेषा आली, खताच्या कारखान्यात पाळीवर जाणारी मुलंही आली. साठही नावांचा आणि वेळांचा मोठा बोर्ड करून वाचनालयाच्या दाराशी लावला आणि मला वाटलं, निम्मं काम झालं.

मी अलिबागला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वाचनालयाची मानद चिटणीस आहे, म्हणजे रोज सकाळी आठला कुलूप काढायचं, दहाला लावायचं आणि मग कॉलेजला पळायचं. त्याच वेळी केसरमावशी सुक्या मासळीची पाटी घेऊन आमच्या पायरीवर अलिबागच्या रिक्षाची वाट बघत बसलेली असायची. एकसष्ट वर्षांची, काटक, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं. कित्येक वर्षं ती त्या पायरीवर बसत होती, पण आत कधी आली नव्हती. मी बोलावलं की म्हणायची, "पाटीचा वास पुस्तकांना लागंल."

बोर्ड लावल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मान वर करून सगळी नावं वाचली. चौथीपर्यंतची शाळा झालेली, सावकाश वाचायची, पण एकही नाव सोडलं नाही.

"क्षिप्राबाय," ती म्हणाली, "साठ जना वाचनार. मंग आयकनार कोन?"

"सगळेच ऐकणार, मावशी."

"सगली म्हंजे कोन? नावा सांग."

मी हसले आणि विषय सोडून दिला. त्या रविवारी आठ वाचकांना घेऊन आम्ही एक चाचणी घेतली. पहिल्यानं वाचलं तेव्हा सात जण समोर होते. पण ज्याची पाळी झाली तो चपला घालून निघू लागला. कुणाला घरी पाहुणे होते, कुणाला बाजारात जायचं होतं. जे बसले होते ते आपापली दहा पानं मनातल्या मनात घोकत होते. आठव्या वाचकानं वाचलं ते मला आणि पंख्याला. खरं सांगायचं तर मीसुद्धा तेव्हा चहाच्या कपांचा हिशोब जुळवत होते.

सोमवारी मी पायरीवर जाऊन केसरमावशीला हे सांगितलं. तिनं पाटी भिंतीला लावून ठेवली, पाय झटकले आणि पहिल्यांदा वाचनालयाच्या आत आली.

"लिव माजा नाव. मी आयकतंय."

"किती वेळ बसाल?"

"सगला."

"तीस तास आहेत, मावशी."

"मना म्हाईत हाय. बोर्डावर वाचला मी."

साठाव्या नावाखाली मी एक रेघ ओढली, 'ऐकणार' असं लिहिलं आणि खाली तिचं नाव घातलं. आमचे अध्यक्ष सलिलकाका, बँकेतून निवृत्त झालेले, गावातल्या नाटकांत पूर्वी कामं केलेले. त्यांनी ते पाहिलं आणि चष्मा काढला. "क्षिप्रा, ऐकणं म्हणजे भाग घेणं होतं का? त्याला काय तयारी लागते? खुर्चीवर बसलं की झालं." मलाही थोडंसं तसंच वाटत होतं.

केसरमावशीला तसं वाटत नव्हतं. पाच आठवडे हातात होते आणि तिनं तयारीला सुरुवात केली.

आधी ती अलिबागला कानाच्या डॉक्टरकडे गेली. बरीच वर्षं तिला ऐकायला कमी येत होतं, पण त्यासाठी डॉक्टर गाठावा असं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरनं दोन्ही कान साफ केले. उजवा चांगला निघाला, डावा अधू. परत येताना ती थेट वाचनालयात आली आणि मला खुर्ची कुठे ठेवायची ते दाखवलं. वाचणाऱ्याच्या समोर नव्हे, बाजूला, उजवा कान त्याच्याकडे येईल अशी.

मग बसण्याचा प्रश्न आला. पहाटे चारला उठणारी बाई. दिवसभर धक्क्यावरून मासळी आणायची, बोंबील बांबूंवर टांगायचे, उलटायचे, पाटी घेऊन बाजार गाठायचा. अशा माणसाचं अंग टेकलं की डोळा लागणारच. तिनं सुनेला, सुचिताला, सांगितलं की रोज दुपारी मला पेपर वाचून दाखव. पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला ती घोरायला लागली. सुचितानं मला हे हसत हसत सांगितलं, पण मावशी हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं हातात सुकट निवडायला घेतली आणि पंधरा मिनिटं जागी राहिली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हात रिकामे राहिले की तिचे कानही मिटतात. पण वाचनालयात सुकट कशी आणायची? मग मुलाचं, विनेशचं, फाटलेलं जाळं तिनं माळ्यावरून काढलं. विनेश आता उरणला ट्रेलर चालवतो, जाळ्याला हात लावत नाही. ते जाळं सांधत सांधत ती ऐकायला शिकली. रोज सकाळी पायरीवर मला आकडा सांगायची. "आज पाऊन तास." "आज दीड तास. मधी एकदाच जांभय आली."

सुचितानं ही गोष्ट पाण्याच्या नळावर सांगितली आणि तिथून ती गावभर झाली. तेव्हा एक भलतंच घडलं. वाचक तिच्याकडे सरावाला यायला लागले.

पहिला आला चिराग. कारखान्यात पाळीचं काम, बोलायला चुणचुणीत. त्यानं तिच्या पडवीत उभं राहून दहा पानं सोळा मिनिटांत संपवली आणि अभिमानानं घड्याळ दाखवलं.

"काय झाला त्यात?" मावशीनं विचारलं.

"कशात?"

"तू वाचलास त्यात."

चिरागनं पुस्तकात डोकावलं. "ती थोरली बहीण... पोस्टात जाते बहुतेक."

"बहुतेक," मावशी म्हणाली. "तुलाच म्हाईत न्हाय तं मना कसा कलायचा? तुज्या कारखान्यात काय झाला ता घरी येऊन आयशीला सांगतोस ना? तसा सांग."

तो पुन्हा वाचायला लागला. त्या दिवशी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी अठ्ठावीस मिनिटं लागली आणि मधे एका ठिकाणी तो स्वतःच म्हणाला, "अरे, म्हणजे पत्र हिनंच लपवलं."

कादंबरी दोन बहिणींची होती. थोरली वत्सला, धाकटी इंदू. इंदूला आलेलं एक पत्र वत्सला लपवते आणि त्यातून दोघींची आयुष्यं वेगळ्या वाटांना लागतात. वाचकांना आपापली दहा पानं तेवढी ठाऊक होती. केसरमावशी मात्र सरावाला येणाऱ्या प्रत्येकाची दहा पानं ऐकत होती, तीही उलटसुलट क्रमानं. आज शेवटाजवळची, उद्या सुरुवातीची. कार्यक्रमाआधी तिच्याकडे जुळवून ठेवलेली अर्धीअधिक गोष्ट तयार होती. काय बाकी आहे हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

सलिलकाका सहसा कोळीवाड्यात जात नाहीत, पण तेही एकदा गेले. मी बरोबर होते. त्यांच्या वाट्याला आईच्या मृत्यूची पानं होती. त्यांनी ती अशी काही वाचली की शेजारच्या दोन बाया दारात आल्या. आवाज कापत होता, शेवटी खरंच पाणी आलं डोळ्यांत. वाचून झाल्यावर त्यांनी रुमाल काढला आणि मावशीकडे बघितलं.

मावशीनं जाळ्याची गाठ मारून घेतली. "चांगला वाचलात, सलिलभाऊ. पन तुमीच रडलात तं आमाला रडायला जागा कुठं ऱ्हायली?"

सलिलकाका रुमाल खिशात घालून उठले. परतीच्या वाटेवर नारळांच्या वाड्या लागेपर्यंत ते माझ्यापुढे झपझप चालत होते. मला वाटलं, आता हे अध्यक्षपद सोडतात. आठ दिवसांनी ते एकटेच पुन्हा तिच्याकडे गेले. सुचितानं सांगितलं, काकांनी सगळं सरळ वाचलं, पत्रिका वाचावी तसं. आणि सासूबाई जाळं खाली ठेवून पदरानं डोळे पुसत होत्या.

एकदा मी तिला विचारलं की हे असं ऐकायला ती शिकली कुठे. रिक्षाला उशीर होता, म्हणून ती बोलली.

तिचे यजमान हिरामण म्हणजे नावाजलेले तांडेल, होडीवर त्यांचा शब्द चालायचा. त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. पूर्ण नाही, शब्द अर्धे यायचे, भलतेच यायचे. "सगली त्यांना व्हय व्हय म्हनायची," मावशी म्हणाली. "पोरगा, डाक्टर, भावकी. वाईट मनात नव्हता कोनाच्या. पन व्हय व्हय म्हनला की मानूस गप व्हतो. ते गप व्हायला लागले." मग तिनं ठरवलं की कळल्याशिवाय व्हय म्हणायचं नाही. ते बोलायला लागले की ती हातातलं काम घेऊन शेजारी बसायची आणि शब्द पुरा होईपर्यंत थांबायची. एकदा सकाळी सुरू झालेलं वाक्य दुपारच्या जेवणाला संपलं.

"काय होतं ते वाक्य?" मी विचारलं.

"छपराच्या वाशाला वालवी लागलीय."

"एवढंच?"

"एवढाच. पन खरा व्हता. मी वर चढून बघितला." अशी सहा वर्षं गेली. हिरामणभाऊ जाऊन आता दोन वर्षं झाली होती. मी आणखी काही विचारणार तोवर रिक्षा आली आणि ती पाटी उचलून चढली.

शुक्रवार उजाडला. सकाळी आठला वाचनालयाच्या अंगणात मांडव भरला होता, नारळ फुटला, फोटो झाले. अकरा वाजता पंधरा माणसं उरली. दुपारी दोनला बघितलं तर वाचक, केसरमावशी आणि खुर्च्या. मी जेवणाच्या डब्यांच्या मागे होते. मावशी बाजूच्या खुर्चीवर तिरकी बसली होती, मांडीवर जाळं, नजर कुठेतरी खाली. वाचणाऱ्या नवख्या माणसाला आधी वाटायचं की हिचं लक्ष नाही. मग एखाद्या गमतीच्या वाक्याला ती हसायची, बरोबर त्याच वाक्याला, आणि वाचणाऱ्याचा आवाज बदलायचा. खांदे खाली यायचे, वेग उतरायचा. मी हे त्या दुपारी निदान पाच जणांत पाहिलं.

संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं आली आणि मावशीभोवती उभी राहिली. मधलं काय झालं? पत्र सापडलं का? तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर लोकांनी तिला माइकच दिला. ती तो हातात घ्यायला तयार नव्हती, तेव्हा चिरागनं तिच्यापुढे धरला. बारा मिनिटांत तिनं दोनशे पानं सांगितली, आपल्या बोलीत, एक माणूस न विसरता. इंदूच्या सासूचं नाव मलासुद्धा आठवत नव्हतं. तिला सासूच्या माहेरचं गावही आठवत होतं. त्या सकाळी ऐकायला आलेल्यांतले निम्मे उठलेच नाहीत.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास आभाळ अचानक काळवंडलं. जानेवारीत पाऊस येत नाही, पण अलीकडे काही नेम राहिला नाही. सुचिता धावत आली आणि मांडवाच्या कडेला उभी राहिली. तिनं फक्त वर बघितलं. केसरमावशीचे बोंबील बांबूंवर टांगलेले होते, चार दिवसांची मेहनत. भिजले तर काळे पडतात, कुणी हात लावत नाही. मावशीनं जाळं खुर्चीवर ठेवलं, वाचणाऱ्या आश्लेषाला हातानं 'चालू दे' अशी खूण केली आणि सुनेबरोबर निघाली.

आश्लेषानं दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं. "मावशी येईपर्यंत थांबूया."

मी घड्याळाकडे बघितलं. मॅरेथॉन म्हणजे ठरल्या वेळात न थांबता, हा एकच नियम आम्ही केला होता. मी सलिलकाकांकडे वळले. वेळापत्रकाचा सर्वांत जास्त धाक त्यांचाच. ते म्हणाले, "थांबूया." मांडवात तेव्हा चाळीस माणसं होती. कुणी हरकत घेतली नाही. उलट सगळ्यांना आपण काहीतरी चांगलं करतोय असं वाटत होतं. मलाही.

चाळीस मिनिटांनी ती आली. केस ओले, लुगड्याला मासळीचा वास, श्वास लागलेला. पावसाची सर पंधरा मिनिटांत निघून गेली होती, बोंबील बहुतेक वाचले होते. तिनं मांडवात पाऊल टाकलं आणि शांतता बघितली.

"काय झाला? माइक बिघडला?"

"नाही मावशी," आश्लेषा म्हणाली, "तुमच्यासाठी थांबलो."

तिला आनंद होईल अशी आमची सगळ्यांची खात्री होती. ती रागावली. आवाज चढवला नाही, पण तिचा चेहरा आम्ही कुणी तसा पाहिला नव्हता.

"माज्यासाठी? तुमी चालीस मानसा हितं काय करत व्हता? यांना कान न्हायत? मी उद्या मेली तं पुस्तक बंद करनार काय?" मग खुर्चीवर बसत ती जरा खालच्या सुरात म्हणाली, "मी नसताना जा झाला ता कोनीतरी मना सांगायचा. मी तुमाला सांगितला ना सकाली? तशी माजी पाली व्हती आयकायची."

आश्लेषानं पान उघडलं आणि ती वाचायला लागली. त्यानंतर मांडवात काहीतरी बदललं. मी एरवी व्यवस्थेच्या नावाखाली फिरत असते. त्या दुपारी डब्यांची यादी बाजूला ठेवली आणि मावशीच्या मागच्या खुर्चीवर बसले. शाळेतल्या नूतन मॅडम बसल्या. आपली पाळी आदल्या दिवशी संपवून गेलेले दोघे परत आले. संध्याकाळपर्यंत मला कादंबरी आवडायला लागली होती, जी मीच निवडली होती आणि कॉलेजच्या दिवसांनंतर उघडली नव्हती.

रविवारी आम्ही चाळीस मिनिटं उशिरा संपलो. शेवटची पानं चालू असताना मांडवात उभं राहायला जागा नव्हती. इंदूला अखेर सगळं कळतं आणि ती वत्सलेला माफ करते. वाचन संपल्यावर टाळ्या पडायला वेळ लागला. मग सलिलकाकांनी माइक घेऊन केसरमावशीला विचारलं, "कशी वाटली गोष्ट?"

"गोष्ट चांगली," ती म्हणाली. "पन आमी तीन दिवस बसलाव, आन ती एका पानात माफ करून मोकली. मना न्हाय पटला. चार पाना तरी भांडायची." यावर मांडवात खरा वाद सुरू झाला. वाडीतले एका बाजूला, कोळीवाडा एका बाजूला, असं नव्हे. नवरा-बायको दोन बाजूंना होते. लोक घरी जाईनात.

त्या गडबडीत साठ वाचकांना प्रमाणपत्रं वाटून झाली. एकसष्टावं छापलंच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मावशी निघून गेली होती. मला शरम वाटली. सोमवारी कॉलेजला रजा टाकून मी एका जाड कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं की श्रीमती केसर यांनी सहाशे पानं पूर्ण ऐकली, सलिलकाकांची सही घेतली आणि कोळीवाड्यात गेले.

ती बोंबील उलटत होती. हात पुसून तिनं कागद घेतला आणि सावकाश वाचला. मग परत दिला.

"पूर्न न्हाय आयकली," ती म्हणाली.

"मावशी, तुम्ही गेलात तेव्हा वाचन थांबलं होतं. दोन ओळींपलीकडे काही चुकलं नाही तुमचं."

"ता न्हाय. काल दुपारी एक बारकी पोर व्हती बग, निळ्या फ्राकातली. इतकी हलू वाचत व्हती, दोन पाना मना कायबी कलला न्हाय. मोठ्यानं वाच म्हनला असता तं रडली असती. मी नुसती मान हालवली." तिनं हातातला बोंबील उलटून टांगला. "ता मना बरोबर वाटला न्हाय. राती झोप आली न्हाय त्यापायी."

मी तिला म्हटलं असतं की एवढ्यानं काय होतं. पण तिच्यासमोर तसं बोलवेना. मी वाचनालयात परत गेले आणि पुस्तक घेऊन आले. तिनं मला बांबूंच्या सावलीत पाट दिला, स्वतः उजवा कान माझ्याकडे येईल अशी बसली. सुचिता घरातून भांडी तशीच ठेवून दारात येऊन बसली.

चारशे एकोणऐंशी आणि चारशे ऐंशी. इंदू जुन्या घरी परत येते ती पानं. मी वाचलं. मधे एकदा मावशीनं हात वर केला, "परत वाच, ता विहिरीचा," आणि मी ते वाक्य परत वाचलं. संपल्यावर तिनं मान हलवली, कागद मागून घेतला आणि घडी न घालता घरात नेऊन ठेवला.

"आता बरोबर," ती म्हणाली आणि पाटी भरायला लागली. अलिबागची रिक्षा यायची वेळ झाली होती.